मुलं शाळेत जात नाहीत, मग शिकतात कशी? होमस्कूलिंग सोप्या भाषेत

थोरलीला आम्ही २०१९ मध्ये तिसरीतून शाळेतून काढलं, तेव्हापासून ती घरीच शिकतेय. आणि तेव्हापासून महिन्यातून दोनतीनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, कधी नवऱ्याच्या ऑफिसमधलं कुणी, कधी लांबच्या नात्यातली वहिनी, आणि सुरुवात नेहमी हळू आवाजात, "अहो ते तुमचं होमस्कूलिंग म्हणजे नेमकं काय हो, चालतं का असं?" मी तासभर सांगते, मनापासून सांगते, पण फोनवर निम्मं राहूनच जातं. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतेय. आम्ही नाशिकला राहतो त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

आधी शब्द समजून घेऊ. होमस्कूलिंग म्हणजे मूल रोजच्या शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची पूर्ण जबाबदारी आईबाबांनी स्वतःकडे घेणं. पूर्ण म्हणजे पूर्ण, काय शिकायचं, कधी शिकायचं, कुणाकडून शिकायचं, परीक्षा कधी आणि कुठल्या बोर्डाची, सगळं. काही घरांत शाळेसारखंच टाइमटेबल असतं आणि पाठ्यपुस्तकं धड्यामागून धडे केली जातात. काही घरं अगदी दुसऱ्या टोकाला, तिथे सिलॅबस असा नसतोच, मूल ज्याच्या मागे लागेल त्याच्यामागे आईबाबा जातात, याला अनस्कूलिंग म्हणतात. आणि बहुतेक घरं मधे कुठेतरी असतात, म्हणजे गणित आणि भाषा रोज ठरवून, बाकीचं जसं येईल तसं. आम्ही या मधल्यातले.

लॉकडाऊनमध्ये मुलं घरी बसून मोबाईलवर शिकली त्याला पुष्कळ जण होमस्कूलिंग समजतात, पण ती शाळाच होती, फक्त स्क्रीनवर आलेली. तोच सिलॅबस, तीच हजेरी, तेच चाळीसपंचेचाळीस जण एका चौकटीत. आपल्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच होते, त्या पावणेदोन वर्षांचा ज्यांना वाईट अनुभव आला ते म्हणतात घरी शिकणं जमतच नाही. त्यांचं दुःख खरं आहे, पण त्या अनुभवावरून या गोष्टीचा अंदाज बांधू नका.

आता मुख्य प्रश्न, लोक असं का करतात. कारणं घरागणिक वेगळी आहेत. कुणाचं मूल ऑटिस्टिक असतं किंवा त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यालिहिण्यात अडचण, असते आणि चार शाळा फिरून झालेल्या असतात. कुणाचं मूल बुद्धिबळात किंवा पोहण्यात किंवा गाण्यात इतकं पुढे गेलेलं असतं की दिवसाचे पाचसहा तास रियाज किंवा प्रॅक्टिस लागते. काहींच्या वडिलांची दर दोन वर्षांनी बदली. काहींना मुलीला किंवा मुलाला शाळेत इतका त्रास दिला गेलेला असतो की परत त्या गेटमधून आत जायची हिंमतच उरलेली नसते. फीचा आकडा हेही एक कारण, कुणी कबूल करो न करो. आणि काही आईबाबांना आधीपासूनच वाटत असतं की लहान मुलाचं शिकणं असं बाकावर बसून होत नाही.

पण मी जेवढ्या घरांशी बोलले त्यांच्यात एक गोष्ट मला सारखी दिसली, ती म्हणजे वेळ. मुलाचा वेळ, आणि मुलाचा वेग. हे जरा हिशोबाने सांगते. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान मुलांचे दिवसाला चारच तास. त्याच कायद्यात ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, वरच्या वर्गांना ३५. आमच्या लेकीच्या वर्गात ४८ मुलं होती. ३५ मिनिटांचा तास आणि ४८ मुलं, भागाकार करून बघा, एका मुलाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही, आणि त्यातच हजेरी, वह्या गोळा करणं आणि "गप्प बसा" हेही आलं. तिच्या बाई वाईट नव्हत्या हो, चांगल्याच होत्या, पण ४८ मुलांना एकाच वेळी एकाच पानावर ठेवायचं म्हटल्यावर बाई तरी काय करणार. आमची लेक वाचनात पुढे होती, तिसरीत असताना मोठ्यांची पुस्तकं वाचायची, आणि भागाकारात मात्र खूप अडखळायची. म्हणजे मराठीच्या तासाला ती अर्धा तास बाकीच्यांसाठी थांबायची आणि गणिताच्या तासाला बाकीचे तिच्यासाठी थांबायचे नाहीत. एकीकडे कंटाळा आणि दुसरीकडे भीती, रोज, एकाच मुलाला.

सकाळी ६.४० ला व्हॅन. डबा निम्मा परत यायचा कारण मधली सुट्टी दहा मिनिटं. घरी आली की गृहपाठ, म्हणजे प्रश्न आणि उत्तरं पुस्तकातून वहीत उतरवून काढणं. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागायचं, आम्ही दोन डॉक्टर केले, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत एकदाही दुखलं नाही. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पुन्हा. तिथून आमचं बोलणं सुरू झालं, मी आणि माझा नवरा रात्री मुलं झोपली की बोलायचो, सहा महिने बोललो, आणि मग मे महिन्यात निर्णय घेतला. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत. त्यांचं बरोबर होतं त्यांच्या बाजूने, त्या स्वतः सातवीपर्यंत शिकल्या कारण पुढे शाळा गावात नव्हती, आणि आम्ही घराजवळची शाळा सोडत होतो.

सासूबाईंच्या त्या न बोलण्याबद्दल मी फार विचार केलाय. घरी शिकणं आपल्याकडे काही नवीन नाही. पंडिता रमाबाई कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष घेऊन बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, तीर्थयात्रा करत फिरताना मुलीला शिकवलं, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. सावित्रीबाईंनाही आधी जोतीरावांनी घरीच शिकवलं. पण मग त्या दोघांनी केलं काय, तर १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. कारण ज्या घरात शिकवणारं कुणी नाही, ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच लागू दिलेलं नाही, तिथल्या मुलीने शिकायचं कसं? घरी शिकवायला आधी घरात विद्या लागते. म्हणून कुणी होमस्कूलिंगच्या नादात "शाळा बंदच केल्या पाहिजेत" वगैरे बोलायला लागलं की मला राग येतो. सरकारी शाळा टिकल्याच पाहिजेत, आणि चांगल्या टिकल्या पाहिजेत. आम्ही घरी शिकवू शकतो कारण आमच्या आधीच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या.

बरं, कायदा. इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. हे वाचून वाटतं की आता आपल्याला पकडून नेतील. पण त्या कायद्यात आईवडिलांना दंड किंवा शिक्षा अशी कुठेच सांगितलेली नाही, सक्तीचं म्हणजे सरकारवर सक्ती, की प्रत्येक मुलासाठी सोय केलीच पाहिजे. दिल्ली हायकोर्टात होमस्कूलिंग करणाऱ्या एका मुलीची याचिका होती, त्यात २०१२ मध्ये केंद्र सरकारने लेखी सांगितलं की जे पालक स्वतःहून होमस्कूलिंग निवडतात त्यांनी ते चालू ठेवावं, हा कायदा त्यांच्या आड येत नाही. होमस्कूलिंगला परवानगी देणारा वेगळा कायदा मात्र नाही, नोंदणी नाही, कुठलं ऑफिस नाही जिथे जाऊन फॉर्म भरायचा. म्हणजे बंदी नाही आणि मान्यतेचा शिक्काही नाही, अशी मधली जागा आहे. जर्मनीत गेलात तर तिथे शाळेत जाणं सक्तीचंच आहे, होमस्कूलिंग जवळजवळ अशक्य, आणि अमेरिकेत सगळ्याच राज्यांत ते कायदेशीर आहे, नियम फक्त राज्यागणिक वेगळे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम बघावा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तुमची मुलं तुम्ही शिकवणं वेगळं आणि सोसायटीतली दहा मुलं जमवून, शिक्षक ठेवून, फी घेऊन रोज वर्ग चालवणं वेगळं. ते दुसरं विनामान्यता शाळेत मोडू शकतं आणि त्याला कायद्यात १ लाखापर्यंत दंड आहे.

आणि शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे होतो तेव्हा शिक्षक दारात येतात. आमच्याकडे दोनदा आले. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला, लेकीच्या वह्या दाखवल्या, ती त्यांच्याशी बोलली, त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. दुसऱ्यांदा आलेल्या बाईंनी तर जाताना आमच्याकडचं एक पुस्तक वाचायला नेलं आणि आठवड्याने आठवणीने परत आणून दिलं. या लोकांशी वाद घालू नका, कामाला लावल्यामुळे ज्या पोरांची शाळा सुटलीय ती शोधण्यासाठी ते उन्हातान्हात फिरत असतात.

कागदपत्रांचं एक महत्त्वाचं. शाळेतून काढताना शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, आठवणीने घ्या आणि त्यावरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, जात, सगळं तिथेच उभं राहून तपासा. आपल्याकडे जातीचा दाखला, जात पडताळणी, डोमिसाइल, कुठेही जा, एलसी मागतात. ज्यांच्या घरात आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे त्यांनी तर मुलाला आधी काही वर्षं शाळेत नोंद होऊ द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आईवडिलांच्या आवडीसाठी मुलाचा हक्क अडचणीत आणू नका.

मग परीक्षेचं काय, दहावी कशी होणार. याचे रस्ते आहेत आणि जुने आहेत. सगळ्यात वापरात असलेला म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारची, १९८९ मध्ये सुरू झाली. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. किमान पाच विषय लागतात, त्यात एक भाषा हवीच, बाकीचे बऱ्यापैकी आपण निवडायचे, चित्रकला आहे, होम सायन्स आहे, मराठी आहे, मराठी माध्यमही आहे. पास व्हायला ३३ टक्के. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पास राहतो, म्हणजे एप्रिलमध्ये दोन द्या, ऑक्टोबरमध्ये तीन द्या, एकाच पंधरवड्यात सगळं आयुष्य ठरतंय असं दडपण नाही. दुसरा रस्ता आपल्याच राज्य बोर्डाचा, १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी द्यायची, इथे आधीच्या शाळेचा दाखला लागतो, पुन्हा तीच एलसी. राज्याचं मुक्त विद्यालयही आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षा देता येतात. ज्यांना परदेशी बोर्ड हवं ते केंब्रिजच्या परीक्षा खाजगी म्हणून देतात, पण त्या महाग पडतात, एकेका विषयाचे हजारो रुपये.

एनआयओएसची बारावी जेईईला चालते. नीटचं मात्र बरीच वर्षं अडलेलं होतं, ओपन स्कूलच्या मुलांना मेडिकलला घेत नव्हते कारण १९९७ चा एक नियम होता, ते २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात सुटलं, आता मान्यताप्राप्त ओपन बोर्डाची मुलं नीट देऊ शकतात. लोक मला मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, जी सातवीनंतर शाळेत गेली नाही, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन मेडल मिळवली आणि २०१६ मध्ये दहावीबारावीच्या सर्टिफिकेटशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. खरंच झालं तसं आणि फार कौतुक वाटतं. पण तिला बारावी नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार बंदच होतं हेही त्यातच आलं. त्यामुळे आम्ही ठरवलंय, दहावी आणि बारावी द्यायचीच, रीतसर.

आता घरी दिवस कसा जातो. पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. जून महिन्यात पुढच्या खोलीत टेबल लावलं, फळा आणला, भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं, ९ ते ९.४० गणित, ९.४० ते १०.२० इंग्रजी, मोबाईलवर बेलसुद्धा लावली होती. ऑगस्टपर्यंत आम्ही दोघी रोज रडत होतो. ज्या गोष्टीतून तिला बाहेर काढलं तीच मी घरात मांडून बसले होते आणि आता तर पळायला घरसुद्धा नव्हतं तिला. मग सगळं काढून टाकलं. पुढचे चार महिने ती चित्रं काढायची, झोपायची, पुस्तकं वाचायची, आणि मला रात्री झोप लागायची नाही की मी पोरीचं वाटोळं केलं. जुन्या होमस्कूलिंगवाल्या एका ताईंनी धीर दिला, म्हणाल्या असं होतंच, शाळेची सवय उतरायला वेळ लागतो, तेवढे दिवस काही करू नका. कुणी विचारलं की सुरुवात कशी करू, तर मी हेच सांगते, पहिले काही महिने हात बांधून बसायची तयारी ठेवा.

बदल कसा दिसला ते सांगते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीय, इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं आणि फुगलंच नाही. मी आपली चिडून म्हटलं आता आज पोहे करावे लागणार. तर ही ओट्यापाशी उभी राहून विचारतेय, "आई, परवा फुगलं होतं, आज का नाही?" मी म्हटलं थंडी आहे. "मग थंडी त्याला काय करते?" मला नीट सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिने दोन काचेच्या बरण्या मागून घेतल्या, सारखं पीठ घातलं, दोघींना बाहेरून रबर लावलं पिठाच्या पातळीवर, एक बरणी खिडकीत ठेवली आणि एक जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात. दर दोन तासांनी पट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची. शालीतलं पीठ रात्रीपर्यंत सहा सेंटिमीटरचं अकरा झालं, खिडकीतलं सातपर्यंतच कसंबसं चढलं. मग बाबांनी ग्राफ पेपर आणला, दोन रेघा काढल्या, एक चढलेली आणि एक जवळजवळ आडवी. मग प्रश्न सुरू, पिठात फुगे कसले, जिवाणू म्हणजे काय, ते खातात काय, थंडीत मरतात की झोपतात. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात, तिने वरच्या इयत्तेचा सूक्ष्मजीवांचा धडा स्वतः शोधून वाचला, निम्मा कळला, निम्मा नाही. आणि "अकरा म्हणजे सहाच्या किती पट" हे काढायला तिला तो भागाकार लागला, ज्याला ती वर्षभर घाबरत होती. बसून शिकली ती तो, चार दिवसांत. एप्रिलमध्ये तिने तोच प्रयोग परत केला, उन्हाळ्यात खिडकीतलं पीठ सहा तासांत बरणीबाहेर. ती वही अजून आहे, पानांवर पिठाचे डाग आहेत.

रोज असं होत नाही, हेही सांगते. रोजचं साधं असतं. सकाळी बाबा ऑफिसला जायच्या आधी पाऊण तास गणित, मग माझ्याबरोबर भाषा, सगळं मिळून दोन अडीच तास बसून अभ्यास. लोकांचा विश्वास बसत नाही की एवढ्यात होतं. होतं, कारण थांबायचं नसतं कुणासाठी आणि अडलं तर तिथेच सोडवता येतं. बाकीचा दिवस तिचा. गांधर्वच्या गायनाच्या परीक्षा देतेय, त्याला शाळा लागत नाही. आठवड्यातून एकदा सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं आहे ते आपलं. इतिहास करत होतो तेव्हा पांडवलेणीला पाचसहा वेळा गेलो, तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख बघायला, एका आईने आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, दगडात लिहून ठेवलेलं, तिने ब्राह्मीची अक्षरं वहीत उतरवून त्यात स्वतःचं नाव लिहायला शिकून घेतलं. जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. वर्गातल्या मुलांना हे सहलीत एकदा मिळतं, तेही पन्नास जणांच्या रांगेत. ही मोकळीक हवी म्हणूनच आम्ही हे केलं.

आता जे मिळत नाही ते. पहिलं म्हणजे मित्रमैत्रिणी. "मुलं एकलकोंडी होत नाहीत का" हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा होमस्कूलिंगवाले जरा पटकन उत्तर देतात की नाही नाही, आमची मुलं सगळ्या वयाच्या लोकांशी बोलतात. बोलतात, खरंय. आमची लेक भाजीवाल्या मावशींपासून वाचनालयातल्या काकांपर्यंत सगळ्यांशी बोलते. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बिल्डिंगमध्ये तिच्या वयाचं एकही मूल नसतं, आणि पाचनंतर सगळे क्लासला जातात. तेरा वर्षांच्या मुलीला शेजारच्या बाकावरची मैत्रीण लागते, जिच्याबरोबर उगाच हसता येतं. गाण्याच्या क्लासमध्ये तिला एक मिळाली, पण त्यासाठी तीन वर्षं गेली. आईबाबांनी हे मुद्दाम घडवून आणावं लागतं, गाडी काढून, फोन करून, दर आठवड्याला. दुसरं, शालेय क्रीडा स्पर्धा शाळांच्याच असतात, शाळेचं नाव नसेल तर तालुक्याच्या मॅचलासुद्धा उतरता येत नाही. शाळेतून देतात ती स्कॉलरशिपची परीक्षा नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांचे फॉर्मही शाळेतून जातात.

आणि सगळ्यात मोठी किंमत एका मोठ्या माणसाचा वेळ. सरळ सांगते, बहुतेक घरांत तो आईचा असतो. मी नोकरी सोडली. फी वाचली पण एक पगार गेला, हिशोब केला तर घरी शिकवणं आम्हाला शाळेपेक्षा महागच पडलं. नवरा खरंच साथ देतो, गणित आणि विज्ञान त्याच्याकडे आहे, स्वयंपाक अर्धा त्याच्याकडे आहे, तरी चोवीस तास मूल डोळ्यांसमोर असणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळतं. दोघांपैकी एकाला जरी मनापासून पटलेलं नसेल तर करू नका. दोघांनाही नोकरी सोडणं शक्य नसेल आणि मूल दिवसभर आजीआजोबांवर किंवा यूट्यूबवर सोडावं लागणार असेल, तरीही करू नका. आणि नुसती शाळेवर चिडून तर मुळीच करू नका, शाळा बदलून बघा आधी, वर्गशिक्षकांशी बोला, मुलाला मधल्या सुट्टीत काय होतं ते विचारा.

धाकट्याचं सांगायचं राहिलंच. तो कधीच शाळेत गेला नव्हता, थोरलीबरोबर घरीच वाढला, मला वाटत होतं की याला तर सवयच आहे, हा घरीच शिकणार. आम्ही दरवर्षी मे महिन्यात दोघांना विचारतो, घरी की शाळेत. गेल्या मे महिन्यात हा म्हणाला, "शाळेत. मला कबड्डी खेळायचीय." बाबा म्हणाले क्लब लावू. "क्लब नको, वर्गातल्या मुलांबरोबर खेळायचीय." दोन दिवस मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी आधीच्या शाळेचा दाखला मागितला, आम्ही म्हटलं शाळाच नव्हती. ते हसले, म्हणाले वय काय, दहा, मग पाचवी. कायद्याचं कलम ४ हेच सांगतं, मूल आधी शाळेत गेलेलं असो नसो, वयाला धरून त्या वर्गात घ्यायचं, आणि मागे असेल तर जादा शिकवून बरोबरीला आणायचं. जन्मदाखला आणि आधार दिलं, पुस्तकं तिथेच मिळाली. पहिल्या आठवड्यात त्याला एकच अडचण आली, पाणी प्यायला जायचं तर विचारावं लागतं हे त्याला माहीतच नव्हतं, तो आपला उठून जायचा. बाईंनी दोनदा समजावलं, झालं.

आता सकाळी तो दप्तर घेऊन पळत जातो आणि थोरली ओट्यापाशी बसून एनआयओएसचा विज्ञानाचा पेपर सोडवते. पुढच्या एप्रिलला तिचे गणित आणि विज्ञान, ऑक्टोबरला मराठी, इंग्रजी आणि चित्रकला. संध्याकाळी तो आला की तिला वर्गातलं सगळं सांगत बसतो, कोण आउट झालं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, आणि ती अभ्यास बाजूला ठेवून ऐकत राहते.